दोन गऱ्यांचा चोणक

८ नोव्हें. १९५९, रवि.
दिवाळीचे शिवण संपले. मामांनी दोन वाजता दुकानातून सोडले. ह्या हंगामातली पहिली गरी. वही नवी, पेन जुने.
भांगाचे पाणी (अष्टमीचे, चढउतार थोडा), भरती साडेचारला. वारा नाही. खाडीत म्हशीचे खडप म्हणतात त्या खडकावर भिवादादा आणि मी. (पुढे भि.दा. लिहीन, जागा वाचते. भ. = भरती, ओ. = ओहोटी. 'ओहोटी'त 'हो' आहे, 'हु' नाही. ह्या एका शब्दापायी सहावीत मास्तरांनी माझी पाठ फोडली होती.)
आमिष जिवंत सुंगटे, म्हणजे कोळंबी. काळुंदरे दोन, ७ इंच आणि ७॥ इंच. तांबोशी एक, १४ इंच. मापे दुकानातल्या टेपने घेतली. टेपला वास लागला, राखेने धुतली. उद्या तीच कोणाच्या तरी छातीला लावायची आहे.
दोर तर्जनीवरून सोडला की तळ बोटाला दिसतो. इथे वाळू, इथे दगड, इथे गवत. मग ते पहिले टोचणे. मासा एकदा नुसते विचारतो, दुसऱ्यांदा घेतो. त्या दोहोंच्या मध्ये मी श्वास धरतो, सुईत दोरा ओवताना धरतो तसा. वर्षभर ह्याचीच वाट पाहतो. तांबोशी ओढताना मी हसत होतो असे भि.दा. म्हणतो. मला आठवत नाही.
मारायचे काम भि.दा.चे. खैराचा हातभर दांडका आहे, त्याचे नाव त्याने 'मास्तर' ठेवले आहे. त्याने न बघता मागे हात केला आणि "मास्तर" म्हटले की मी तो हातात ठेवायचा. तांबोशीला दोन पुरे झाले.

१२ नोव्हें., गुरु.
शेंगाळ्याचा काटा उजव्या अंगठ्यात गेला, आत मोडला. भि.दा.ने माझे मनगट गुडघ्याखाली दाबले आणि दाढीच्या पात्याने चीर देऊन काढला. मी ओरडलो नाही. पलीकडच्या खडपावर झिलू बसला होता, त्याने ऐकले असते.
मग भि.दा.ने त्या शेंगाळ्याचे तिन्ही काटे दगडाने ठेचले. मग डोके ठेचले. मासा कधीच मेला होता. मी म्हटले पुरे. म्हणाला, "तुका लागला मा?" आणि आणखी दोन घातले.
शेंगाळा १६ इंच, डोके सोडून. डोके मोजण्यासारखे राहिले नव्हते.
मामांनी अंगठा बघितला. तुझी बोटा शिवूक आसत, माशांका चारूक नाय, म्हणाले. दोन दिवस काजे करता येणार नाहीत.

१५ नोव्हें., रवि.
पौर्णिमा, उधाण. भ. अकराला. वागळी लागली, पंख ते पंख २२ इंच. खडपावर घेतल्यावर शेपटीने चाबकासारखे मारत होती. भि.दा.ने शेपटी पायाखाली धरली, पण मास्तर स्वतः घेतला नाही, माझ्याच हातात राहू दिला.
"मार."
मी बघत राहिलो. वागळीचे तोंड खालच्या अंगाला असते, माणसाच्या तोंडासारखे. ते उघडत होते, मिटत होते.
"मेल्या, बघतंस काय? पोरगी बघूक इलंस? मार."
मारले. पहिला चुकला, खडपाला लागला, हातात मुंग्या आल्या. दुसरा बसला. तो बसला की हाताला कळते. तिसरा, चौथा, पाचवा. भि.दा. हसायला लागला, "मेली रे, मेली, सोड आता." तेव्हा थांबलो.
लिहायला लाज वाटते. पण खरे लिहायचे ठरवले आहे: पाचवा मारताना बरे वाटले.

२२ नोव्हें., रवि.
भांगाचे पाणी. काही नाही. दोन बोय, ६ इंच.
झिलू शेजारच्या खडपावर होता. झिलू माडांवर चढून नारळ पाडतो. सगळ्या वाडीचे माड त्याच्याकडे आहेत, दिवसाला चाळीस चढतो. गरवायला आमच्यासारखाच हौसेने येतो. गरीच्या वर दोराऐवजी वीतभर तांब्याची तार लावतो आणि तिला आठच्या आकड्यासारखा पीळ देतो. तशी तार खाडीवर दुसऱ्या कोणाची नाही.
तिकडून ओरडला, "काय रे शिंप्या, टेप कित्याक? माशांक कोपरी शिवतंस?"
भि.दा. म्हणाला, "तुझ्या तोंडाचा माप घेवक हाडलली. पुराक नाय."
हे दर रविवारचे आहे. दोघे शाळेत एका बाकावर होते. पुढे भि.दा. आगबोटीवर खलाशी झाला आणि तिथे एकाचे दात पाडून परत आला. झिलू गाव सोडून कुठे गेला नाही.
जाताना झिलूने पाण्याकडे बोट दाखवले, तोंडाने काही बोलला नाही. दोन खडपांच्या मधल्या खोल पाण्यात तो वर आला होता. आधी पाठ, मग शेपटी. चोणक. खडपावर हे नाव घ्यायचे नाही, 'पावणो' म्हणायचे. नाव घेतले की जातो म्हणतात. वही घरी लिहितो म्हणून लिहिले. गेल्या शिमग्यात झिलूची गरी तारेसकट त्यानेच नेली. अजून तोंडात असेल, असे झिलू सांगत फिरतो.

२९ नोव्हें., रवि.
पावणा लागला आणि गेला.
दहा वाजता. दोर इतका जोरात गेला की बोटावर जळल्याचा वास आला. मी घाबरून आवळला. सोडायला हवा होता. खडपाच्या कडेला घासून तुटला. अर्ध्या मिनिटाचे काम.
भि.दा.ने थोबाडीत मारली. मी खाली बसलो. कान बराच वेळ वाजत होता. "नेटान धरूक तो काय बैल आसा?"
मग भाकरी मोडून निम्मी मला दिली, वर लोणच्याची फोड त्याच्या वाट्याची. मी जेवलो. नऊ वर्षांचा असताना ह्याच खडपावरून पडून बुडत होतो. बाबा गेले त्याच्या पुढल्या महिन्यात. भि.दा.ने केस धरून काढले होते. त्यामुळे त्याची थोबाडीत मला वेगळी लागत नाही.
दोर माझाच वळलेला होता. चूक दोराची नव्हती, हाताची होती.

४ डिसें., शुक्र.
नवा दोर. मशीनचा दोरा, नऊ पदरी, तीन-तीनचे पीळ उलटे. मेण, मग काजूच्या टरफलाचे तेल. चाळीस वाव (वाव = पसरलेल्या दोन हातांइतकी लांबी). टोकाला शिशाचे वजन. मामा दुपारी झोपले की मागच्या पडवीत वळत होतो. दाराची बिजागरी आणि माझा अंगठा ह्यांत ताणून पाहिला. अंगठा आधी कापला गेला, दोर नाही. चांगला झाला आहे.

१३ डिसें., रवि.
चोणक. ४७ इंच, ओठापासून शेपटीच्या टोकापर्यंत. घेर २९. तोंडात दोन गऱ्या.
आणखी लिहवत नाही. हात तीनदा धुतले. टेप धुतली नाही.

१४ डिसें., सोम.
कालचे आज लिहितो. क्रमाने.
नऊला भ. भरत आलेली. मी जिवंत बोय लावला, सहा इंची. टोचणे झालेच नाही. दोर सरळ चालायला लागला, कोणीतरी टोक धरून शांतपणे नेत असल्यासारखा. ह्या वेळी सोडत गेलो. वीस वाव गेल्यावर भि.दा. कानाशी म्हणाला, "आता."
मासा पाण्याबाहेर आला. अख्खा. तोंड उघडून त्याने डोके झाडले, कल्ल्यांचा खडखड आवाज ऐकू आला. असे सहा वेळा. किती वेळ चालले माहीत नाही. दोर दोन बोटांत मांसापर्यंत गेला होता आणि मला ते दोराला लाल रंग आला तेव्हा कळले. इतका आनंद मला कधी झाला नाही. हेही लिहून ठेवतो.
शेवटी तो खडपाच्या कपारीकडे वळला. तिथे गेला असता तर संपले असते. शेजारच्या खडपावर झिलू होता, त्याने आपला दोर टाकून दिला आणि कमरेपर्यंत पाण्यात उतरला. दोन्ही हातांनी पाणी बडवून त्याला वळवले, मग मासे ओढायची लोखंडी आकडी घातली. त्याने आकडी घातली नसती तर मासा आला नसता. हे अगदी खरे आहे.
तिघांनी ओढून वर घेतला. भि.दा.ने जबडा उघडला. माझी गरी डाव्या गालात. उजव्या ओठात दुसरी, गंजून काळी झालेली, वीतभर तार, हिरवी पडलेली.
झिलू म्हणाला, "ही माझी रे. बघ, आठाचो पीळ. नेम काय आसा? जेची गरी तोंडात, तेचो मासो. माझी आधी आसा."
नियम तसाच आहे. आजोबांच्या वेळचा. पण एका तोंडात दोन गऱ्या निघाल्या तर काय, हे कोणी सांगून ठेवलेले नाही.
भि.दा. म्हणाला, "शिमग्यापासून नऊ म्हयने झाले. बाळंत झाली काय तुझी गरी?"
आम्ही हसलो. तिघेही हसलो, हे मुद्दाम लिहितो.
मग झिलूने मासा उचलला. मस्करीत की खरोखर, कळले नाही. खालच्या ओठात बोटे घालून आपल्या खडपाच्या दिशेला दोन पावले गेला. मासा जिवंत होता. शेपटी झाडली, झिलूचा पाय शेवाळावरून सरकला, दोघेही पाण्याच्या कडेला. मासा निसटत होता.
भि.दा.ने मागे हात केला. "मास्तर."
मी हातात दिला.
आणि मी ओरडलो, "मार!"
भि.दा.ने मारले. झिलूच्या तोंडावर, डाव्या डोळ्यावर. असोल्या नारळावर कोयता पडतो तसा आवाज झाला. झिलूने बोटे सोडली नाहीत, तसाच गुडघ्यांवर बसला. भि.दा.ने दुसरा माशाला मारला. मग तिसरा, माशालाच. मग मास्तर पाण्यात फेकला.
मी 'मार' म्हटले. दोन अक्षरे, शुद्धलेखनात चूक होण्याजोगे त्यात काही नाही. पण व्याकरणात क्रियापद कर्म मागते, कोणाला, ते. मी ते बोललो नाही. मासा पाण्यात जात होता म्हणून म्हटले. बहुतेक.
भि.दा.नेच झिलूला खांद्यावर घेतले. होडीत, मग मालवणपर्यंत बैलगाडीत, झिलूचे डोके त्याच्या मांडीवर. धोतर रक्ताने कडक झाले होते. वाटेत माझ्याकडे न बघता म्हणाला, "दोर तुटलो आणि शिसा उडाला. तुझ्या दोराचा शिसा. ध्यानात ऱ्हवता मा?"
माझा दोर तुटला नव्हता. अजूनही शाबूत आहे.

१५ डिसें., मंगळ.
मासा वाडीत वाटला गेला. झिलूच्या घरी मधला तुकडा पाठवला होता. त्याच्या आईने पानासकट अंगणात टाकला.
डोके आमच्या वाट्याला. आईने तिरफळे घालून केले. ताटात बसलो तेव्हा वाटले घास उतरणार नाही. उतरला. गालाचे मांस फार गोड होते, दोन वेळा घेतले.
डोके शिजण्याआधी दोन्ही गऱ्या मी काढून घेतल्या. सुयांच्या डब्यात ठेवल्या आहेत.

२० डिसें., रवि.
गरवायला गेलो नाही. झिलूचा डोळा मालवणच्या डॉक्टरांनी काढला. ठेवला असता तर दुसराही गेला असता म्हणे.
भि.दा. रोज तिथे जातो. पेज नेतो. झिलू पेज पितो.

२४ डिसें., गुरु.
जत्रा. झिलू कालच घरी आला आहे. डोक्याला पांढरी पट्टी. त्याला देवळात पुढे बसवले, गावकाराच्या, म्हणजे गावच्या मुख्य मानकऱ्याच्या, समोर. मी त्याच्या उजव्या हाताला. भि.दा. खांबाला टेकून उभा.
गावकाराने गाऱ्हाणे सुरू केले. पाऊसपाणी, गुरेढोरे, मुंबईची चाकरमानी माणसे, नेहमीप्रमाणे. त्याचा आवाज खाली आला की सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणायचे. ('महाराजा' शुद्ध, पण देवळात कोणी तसे म्हणत नाही, म्हणून ऐकू येते तसे लिहितो.) शिंक येते तसे ते येते. मी चालायला लागण्याआधीपासून म्हणत असेन.
मग, आवाज न बदलता: "खाडयेर जो काय अपघात झालो, दोर तुटान शिसा उडाला आणि तुझ्या लेकराच्या डोळ्याक लागला..."
व्हय म्हाराजा. मी होतो त्यात.
"तेच्यात कोणा माणसाचो हात नाय, कोणाच्या मनात वाकडा नाय..."
व्हय म्हाराजा. ह्यालाही होतो. अर्धे म्हटल्यावर मला कळले काय म्हणतो आहे, पण उरलेले अर्धेही बाहेर पडले.
"आजपासून हो इषय तुझ्या पायाकडे ठेवलो, परत कोणी उकरूचो नाय..."
ह्याला मी दात आवळून धरले. त्यामुळे शेजारचा आवाज वेगळा ऐकू आला. मोठा, स्पष्ट. "व्हय म्हाराजा."
झिलू.
त्यालाही म्हटल्यानंतरच कळले. हात तोंडाकडे गेला. एक डोळा माझ्याकडे वळला. पण गावकार पुढे गेला होता, नारळ फुटला होता.
बाहेर आल्यावर गावकार चार जणांना सांगत होता, झिलू सोता व्हय म्हणालो, मिटला. सगळ्यांच्या तोंडावर बरे वाटल्याचे दिसत होते. भि.दा.ने माझ्या खांद्यावर हात ठेवला. जड.

५ जाने. १९६०, मंगळ.
झिलू दुकानात आला. मामा कापड आणायला खारेपाटणला गेलेले, मी एकटा.
डोळ्यावर बांधायला काळी पट्टी हवी, म्हणाला. दवाखान्यातली पांढरी लांबून दिसते, मुले मागे लागतात. मी टेप घेतली. तो टेपकडे बघत राहिला.
"धुतलंस?"
"आता धुतलंय," म्हटले. (खोटे नाही. २३ डिसेंबरला धुतली.)
कपाळाचा घेर २१॥. खळग्याची रुंदी २, उंची १॥. माप घेताना माझी बोटे त्याच्या गालाला लागली. ताप असल्यासारखा गरम होता. दुहेरी साटीन, आत मऊ मलमल, कडेला हातशिलाई. पाऊण तास लागला. तो स्टुलावर बसून होता.
माडांचे विचारले. तो स्वतःच हसला थोडा. "चढाक येता. उतराक येता. पण झावळ खंय आसा ता समजना नाय. हात घालतंय थंय वारो." काल गावकाराच्या माडावर तीन वेळा कोयता रिकामा फिरला. चौथ्यांदा स्वतःच्या पोटरीला लागला. गावकाराने सांगितले, तू आता ऱ्हवांदे.
पट्टी बांधून दिली. आरसा धरला. डोके डावीकडे उजवीकडे करून बघितले. म्हणाला, बरी केलंस, लांबसून कोणाक कळाचा नाय.
मग आरशातूनच विचारले, "माझ्या तोंडातसून इला ता सवयीन इला. तुझ्या तोंडातसून इला ता?"
माझ्या हातातली कात्री खाली पडली. मला वाटले तो खडपावरचे विचारतो. नंतर लक्षात आले, देवळातले विचारतो. नंतर वाटले, त्याने खडपावर ऐकले असेल तर दोन्ही विचारतो.
"सवयीन," म्हटले.
"बरा," म्हणाला. कात्री उचलायला वाकला. हात कात्रीच्या चार बोटे अलीकडे जमिनीवर पडला. मग शोधून उचलली आणि माझ्या हातात दिली.

१० जाने., रवि.
भि.दा. बोलवायला आला. महिनाभर मी गेलो नव्हतो. आई म्हणाली जा, नाही गेलास तर वाडी काय म्हणेल.
भ. नऊच्या सुमाराला. म्हशीचे खडप. झिलूच्या खडपावर कोणी नाही. तांबोशी, १७ इंच. टोचणे झाले तेव्हा श्वास धरला गेला, नेहमीसारखा. बोटाला झिलू वगैरे काही माहीत नाही.
मास्तर नव्हता. भि.दा.ने तांबोशीचे डोके खडपावर आपटले.
मग दुसऱ्या गरीबद्दल विचारले, तारेची, खंय आसा. मी म्हटले, डोक्याबरोबर आईने टाकली असेल. त्याच्याशी बोललेले हे माझे पहिले खोटे. त्याला कळले.
"झिलूचो भाव मुंबयसून येता. तेका फौजदाराकडे जावचा आसा. तुका बोलवतले."
मी तांबोशीच्या तोंडातून गरी सोडवत राहिलो.
"काय सांगतलंस?"
"खरा काय ता."
माझे केस धरले आणि मला पाण्यात घातले. खडपावरच गुडघे टेकलेले, डोके पाण्याखाली. डोळे उघडे होते. त्याचे पाय दिसत होते, नखे पांढरी पडलेली. मी झगडलो नाही, आधी वाटले मस्करी आहे. मग झगडलो. नाकातोंडात खारे पाणी गेले. छातीत हातोडा. मग त्यानेच वर काढले. मी ओकलो. तो पाठीवरून हात फिरवत होता.
"नऊ वर्षांचो होतंस तेव्हा काढलंय. आज काढलंय. दोन वेळा काढलंय तुका."
जरा वेळाने, पाण्याकडे बघत, अगदी साध्या आवाजात: "खराच सांग. मी मारलंय, माझो हात. पण मारूक कोणी सांगल्यान, ताय सांग. माका वाटला तू तेकाच सांगतंस. तुझो आवाज तसो होतो."
मी अजून तो आवाज आठवून बघतो आहे. स्वतःचा आवाज आठवत नाही.

१३ जाने., बुध.
पौर्णिमा. अंगठ्यात जुन्या काट्याची जागा ठणकते. काज वाकडे झाले. मामांनी उसवायला लावले, तेही वाकडे उसवले.
पाठच्या पडवीत कोणी नसताना 'मार' असे म्हणून बघितले. आधी मासा डोळ्यांसमोर आणून. मग झिलू. फरक ऐकू येत नाही. वागळीला मारताना भि.दा.ने म्हटले होते, तसेच दोन्ही वेळा येते.

१७ जाने., रवि.
झिलूचा भाऊ परवा आगबोटीने आला. कालच मालवणात अर्ज दिला. गावकार त्याच्या घरी जाऊन आला: देवापुढे मिटवलेले सरकारात नेऊ नये, झिलूने स्वतः व्हय म्हटले. भाऊ म्हणाला, गेली वीस वर्षे मी मुंबैक, माका गाऱ्हाणा आयकाची सवय ऱ्हवाक नाय. गावकार उठून आला.
आज हवालदार कागद देऊन गेला. उद्या दहा वाजता मालवणात हजर राहायचे, जबाबाला. कागदावर माझे नाव 'दत्तराम' लिहिले आहे. काना राहिला. सांगावे की नाही, कळत नाही.
आई म्हणते, तू पाठमोरो होतंस म्हण, आमिष लावत होतंस, बघूक नाय. मामा म्हणतात, खरे सांग, पण तुझ्या स्वतःबद्दल कोणी विचारले नाही तर तोंड उघडू नको. दोघांचेही मी ऐकून घेतले.
होडी सहाची एकच आहे. भि.दा., झिलू, त्याचा भाऊ, गावकार, मी, सगळ्यांना त्याच होडीने जायचे आहे. भि.दा.ने निरोप पाठवला की पुढच्या फळीवर तुझी जागा धरतो. संध्याकाळी झिलूची आई दारावरून गेली. न थांबता म्हणाली, झिलूक डावीकडचा दिसना नाय, तू तेच्या डाव्या बाजूक बस, धक्को लागाक नको.
सुयांचा डबा पिशवीत ठेवला. त्यात दोन्ही गऱ्या आहेत. दोर ठेवला, चाळीस वाव, शाबूत. ही वही ठेवली, मग काढली, लिहायला. मग परत ठेवीन.
तिथे अडखळू नये म्हणून वाक्य आधीच लिहून नेतो आहे. पाच वेळा लिहिले, एकही चूक नाही:
'मी दांडका भिवाच्या हातात दिला आणि मार म्हणालो,'
पुढे एका शब्दाची जागा सोडली आहे, कर्माची. पेनात शाई भरून घेतली.